लाल नसलेला बुरूज

“हा तो गेमच न्हवं,” विल्या खाडे म्हणाला आणि त्यानं भिंतीतला प्लग उपटून हातात घेतला.

पडदा टिचकन काळा झाला. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही पंधरा-सोळा जण त्या मशीनभोवती उभे होतो. मशीन म्हणजे माणसाएवढं लाकडी कपाट, मधोमध टीव्हीचा पडदा, खाली एक दांडा आणि दोन बटणं. तिच्या शेजारी भूपालअण्णा मगदूम स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. जयसिंगपुरात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत ही मशीन. नव्वद ते पंच्याण्णव या काळात आमच्या पिढीतल्या पोरांनी शाळेपेक्षा ती खोली जास्त पाहिली.

“न्हवं कसं?” अण्णा म्हणाले. “ह्योच की. कपाट तेच, बोर्ड त्योच. हितं खाली बघ, तुझ्याच बुटाची लाथ हाय.”

विल्यानं वाकून आपली लाथ पाहिली. ओळखलीही. तरी उठून त्यानं मान हलवली.

“कपाट तेच असंल अण्णा. आतलं काळीज बदललंय.”

विल्या आता बिल्डर होता आणि आमच्या स्नेहसंमेलनाचा अध्यक्ष. दहावी, पंच्याण्णवची बॅच. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी शाईच्या दौतीचा नाहीतर रॉकेलच्या स्टोव्हचा फोटो टाकायचं आणि दुपारपर्यंत चाळीस जण रडून मोकळे व्हायचे. ज्या स्टोव्हपायी त्यांच्या आयांनी जन्मभर खोकला काढला, त्याच्या आठवणीनं यांचे डोळे भरून यायचे. त्या ग्रुपवरच ठरलं की बावीस वर्षांनी भेटायचं, अण्णांची मशीन शाळेला कायमची भेट द्यायची, अण्णांना शाल-श्रीफळ द्यायचं, आणि मला प्रमुख पाहुणा करायचं.

मी, दीपक नरंदे. पुण्यात एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं काम करत होतो. तपासायचं म्हणजे बहुतेक वेळा नाकारायचं. पाहुणा मी त्यासाठी नव्हतो. मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवर सदर लिहीत असे, आणि त्यातला ‘न दिसणारा सुरा’ हा लेख इतका फिरला होता की एकदा तो माझ्याच मेव्हण्यानं मला ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवला, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव.

तो लेख याच मशीनवरच्या गेमबद्दल होता. गेमचं खरं नाव जपानी अक्षरांत असल्यामुळे कुणालाच वाचता आलं नाही. आम्ही त्याला बुरूज म्हणायचो. सात मजल्यांचा बुरूज, आपला गडी खालून चढत जायचा, मजल्यामजल्यावर पहारेकरी. सगळा पडदा निळाहिरवा, चांदणं पडल्यासारखा. पहारेकरी नुसता हात वर करायचा आणि क्षणभरात आपला गडी मरून पडायचा. कशानं मेला ते दिसतच नसे. विल्या म्हणायचा, मंत्र टाकतोय. मी पहिल्यांदा ओळखलं की तो सुरा फेकतोय, पण सुरा अदृश्य आहे. मग मी मोजायला लागलो. हात वर, एक, दोन, उडी. या हिशोबावर दहावीच्या वर्षी मी एका टोकनमध्ये पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. गावात त्याच्या वर कुणी कधी गेलं नाही. दहावीला मला बावन्न टक्के पडले, पण माझा पाचवा मजला अढळ राहिला.

लेखात मी लिहिलं होतं की आजकालच्या गेममध्ये सगळं चमचमीत, सगळं डोळ्यांत घालून दाखवतात. बुरूज करणाऱ्या त्या अनाम कलावंतानं मात्र फक्त चांदण्याचे दोन रंग वापरले आणि शत्रूचं हत्यार लपवून ठेवलं, कारण आयुष्यातही खरा वार दिसत नसतो. हे वाक्य लोकांनी आपल्या डीपीखाली लावलं. पुण्यातला एक प्रकाशक याच नावाचं पुस्तक काढणार होता. त्याची मुद्रितं माझ्या बॅगेतच होती.

आणि आता त्या सकाळी मशीनवर बुरूज लागला होता, आणि त्यात लाल रंग होता. पहारेकऱ्यांचे फेटे लाल, बुरुजावरची निशाणं लाल, आणि सुरे तर गाजराएवढे, लालभडक, काळ्या आभाळातून आरामात येताना दिसत होते.

तरीही सगळं कदाचित निभावलं असतं. शैला मध्ये आली नसती तर.

शैला बुबनाळे आमच्याच वर्गातली. मिरजेत तिचं औषधांचं दुकान आहे. ती आम्हाला जेवायला बोलवायला आली होती. पडद्याकडे बघून म्हणाली, “मी बघू का खेळून? तेव्हा आम्हाला अण्णांच्या गल्लीतनंसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत घरचे.”

“खेळ की बाई,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतः टोकन टाकलं.

आम्ही मोठ्या मनानं बाजूला झालो. विल्या तिला समजावू लागला, की हात वर झाला की मोजायचं, एक, दोन...

“मोजायचं कशाला? दिसतंय की येताना,” शैला म्हणाली.

सुरा आला, तिनं उडी मारली. दुसरा आला, ती खाली बसली. एका हातानं पदर सावरत ती दुसऱ्या मजल्यावर गेली, तिसऱ्यावर गेली. चौथ्यावर एकदा मेली आणि स्वतःशीच हसली. पाचवा मजला, जो माझा होता, तो तिनं माझ्यादेखत असा ओलांडला जशी कुणी शेजाऱ्याची पायरी ओलांडावी. वीस मिनिटांत ती सातव्या मजल्याच्या दारापाशी पोचली, दार उघडायला लागलं, अण्णा चष्मा पुसून पुढं वाकले, आणि विल्यानं प्लग उपटला.

“अरे!” शैला म्हणाली. “आत काय होतं ते तरी बघू द्यायचं.”

“शैला सातव्या मजल्यावर जाती म्हंजे ह्यात कायतरी गडबड हाय,” विल्या सगळ्यांना म्हणाला. “गेम सोपा केलाय कुणीतरी.”

“गेम सोपाच आहे,” ती म्हणाली. “तुम्हीच येडे होता. चला, पुऱ्या गार होतायत.” आणि ती निघून गेली.

मग अण्णा बोलले. ते आमच्याकडे न बघता मशीनकडे बघत बोलत होते.

“सोपा केला न्हाई. नीट केलाय. तवा मला वाटलं, पिक्चर ट्यूबचा लाल गेला. नवी ट्यूब हितं कुठं मिळायची? म्हणून तसंच चालवलं. आता तुमी शाळंला देणार म्हटल्यावर गेल्या म्हैन्यात सगळी उघडली. तर ट्यूब बरी हाय. लाल रंगाची वायर आतनं तुटलेली. वरनं कवच धड, आत तार तुटलेली. एवढंसं सोल्डरचा डाग द्यायचं काम. जलमभर मेकॅनिक म्हणवून घेतलं आणि त्ये मला दिसलं न्हाई.” “पोरांनो, तुमी सा वरसं मरत हुता, त्ये माझ्यामुळं. म्हटलं, आता तरी तुमाला धड खेळायला मिळावं.”

एखाद्यानं तरी पुढं होऊन त्यांचा हात धरायला हवा होता. पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव होता. कुणीतरी त्याचं बालपण उघडून, आतली एक वायर जोडून, परत आणून दिलं होतं, आणि त्याला ते नको होतं.

“दिप्या, तू सांग,” विल्या म्हणाला. “तू तज्ज्ञ. ह्यो आपला बुरूज हाय का न्हाई?”

अण्णांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं. सगळ्या पोरांत मी शिकलेला, पेपरात लिहिणारा. मला समजेल अशी त्यांची खात्री होती.

मला समजलंच होतं. विल्याच्या आधी, शैलाच्या तिसऱ्या मजल्यालाच समजलं होतं. चांदणं नव्हतं; लाल गेल्यामुळे लाल सुरे काळ्या आभाळात मिसळून जात होते. अनाम कलावंतानं काहीही लपवलं नव्हतं. त्या बिचाऱ्यानं लहान पोरांना दिसावेत म्हणून सुरे गाजराएवढे काढले होते, आणि जयसिंगपुरातल्या एका तुटक्या तारेवर मी तत्त्वज्ञान उभारलं होतं. गेमही तसा साधाच होता. अशा गेमवर कुणी पुस्तक काढत नाही. ‘हो, हाच तो’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. बॅगेतली मुद्रितं मला तिथूनही दिसत होती.

पण मी अकरा वर्षं दावे नाकारत होतो. खोटं न बोलता नाही कसं म्हणायचं हे माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं.

“अण्णांच्या हेतूबद्दल शंकाच नाही,” मी म्हणालो. “पण प्रश्न मशीनचा नाही, अनुभवाचा आहे. आणि हा मूळ अनुभव नाही.”

“बघा!” विल्या म्हणाला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “बरं,” म्हणाले. “थांबा जरा.”

ते मशीनच्या मागं गेले. फळी निघाल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग ते बाहेर आले आणि त्यांनी विल्याच्या हातून प्लग घेऊन भिंतीत घातला. पडदा उजळला. निळाहिरवा. फेटे काळे, निशाणं नाहीत, सुरे नाहीत. पहारेकऱ्यानं हात वर केला आणि आमचा गडी कशानं कुणास ठाऊक मरून पडला.

“आत्ता कसं!” विल्या ओरडला. त्यानं अण्णांना मिठीच मारली. “ह्योच! ओरिजिनल!”

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. एक जण म्हणाला, आवाज फार स्वच्छ येतोय, तेव्हा खरखर असायची. अण्णा मागं गेले आणि स्पीकर ढिला करून आले. दुसरा म्हणाला, दांडा डावीकडं अडकायचा. अण्णांनी तळाचा एक स्क्रू सैल केला. तिसऱ्याला पडद्यावर एक आडवी पट्टी धावलेली हवी होती. तीही त्यांनी कुठलंसं बटण फिरवून दिली. दर बिघाडाला टाळ्या. एकानं विचारलं, तो डासांच्या कॉइलचा वास कुठाय? तेव्हा दुसरा स्कूटरवरून कॉइल आणायला पळाला. महिनाभर खपून केलेली दुरुस्ती अण्णांनी पंधरा मिनिटांत, चेहऱ्यावरची रेघ न हलू देता, आमच्या डोळ्यांदेखत मोडून दिली. चाळिशीला टेकलेली माणसं पाळीपाळीनं पहिल्या मजल्यावर मरत होती आणि डोळे पुसत होती.

“असला गेम आता होनार न्हाई,” विल्या म्हणाला.

“आताच्या पोरांना झेपणारच नाही,” कॉइलवाला म्हणाला.

जेवणाची दुसरी हाक आली तेव्हा सगळे हॉलकडे गेले. मी रेंगाळलो. का, ते मला सांगता येत नाही. माफी मागावी असं काही मनात असेल तर ते ओठांपर्यंत आलं नाही.

अण्णा मशीनमागं वाकलेले होते. पडदा एकदा थरथरला आणि लाल परत आला.

“दीपक, तू तरी बस,” ते म्हणाले. “तू न बघता पाचव्यापत्तुर गेलतास. आता बघून खेळ. वर काय हाय त्ये मी सुदीक बघितलं न्हाई कधी.”

“तुम्ही? तुमची मशीन असून?”

“मला कुठं येतंय. आणि आता हात थरथरतोय.” त्यांनी हात पुढं करून दाखवला. खरंच थरथरत होता. याच हातानं त्यांनी ती वायर जोडली होती. “मघाशी शैलाच्या वक्ताला वाटलं, आता दिसणार. तवर विल्यानं प्लग काढला. बस की. एकदा बघू, आणि मग काढून टाकतो. कुणाला सांगत न्हाई.”

मी बसलो. मनापासून बसलो, हे मला सांगितलं पाहिजे. एका म्हाताऱ्या माणसाला सातवा मजला दाखवणं एवढंच करायचं होतं. पहारेकऱ्यानं हात वर केला. सुरा निघाला, मला स्पष्ट दिसला, आणि माझ्या बोटांनी एक, दोन, उडी केलं. डोळ्यांना दिसणारा सुरा वेगळा आणि बोटांत मुरलेला सुरा वेगळा. दोन्हींच्या मध्ये मी मेलो. परत खेळलो, परत पहिल्याच मजल्यावर मेलो. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले तेव्हा कुठं दुसरा मजला दिसला, तोही अण्णांना.

“ऱ्हाऊ दे,” ते हसून म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून हसले. “तुला लई दीस आंधळ्यागत खेळायला लावलं मी. शैलाला बोलीव. ती बरोबर जाती. दहा मिंटाचं काम.”

“आत्ता घेऊन येतो,” मी म्हणालो.

हॉलमध्ये पंगती बसल्या होत्या. माइकवर विल्या माझा लेख वाचून दाखवत होता. सावकाश, एकेका वाक्यावर थांबत. मी शैलाजवळ पोचलो तेव्हा तो नेमका ‘खरा वार दिसत नसतो’वर आला होता आणि हॉलभर वा-वा चालली होती. शैला पंगतीच्या टोकाला बसून पुरी खात होती. ती लेख ऐकत नव्हती, किंवा ऐकून झाला होता.

मी तिच्याजवळ वाकलो. तिला नेलं की ती वीस मिनिटांत वर जाणार, हॉलमध्ये येऊन दहा जणींना सांगणार, बायका बघायला येणार, त्यांच्या मागून नवरे येणार. मग कुणीतरी शांतपणे विचारणार, दीपक, मग तुझ्या त्या चांदण्याचं काय?

“काय रे?” शैला म्हणाली.

“मीठ आहे का?” मी विचारलं.

तिनं मिठाची वाटी पुढं केली. माझ्या हातात ताटही नव्हतं. तिनं ते पाहिलं, माझ्याकडेही नीट पाहिलं, पण तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं गेलं.

मी शाल घेतली, नारळ घेतला, हॉल उभा राहिला. मग विल्या म्हणाला, चला, आता प्रमुख पाहुण्यांचा आणि अण्णांचा मशीनबरोबर फोटो. सगळी वरात चित्रकलेच्या वर्गाकडे निघाली, पुढं मी, खांद्यावर शाल. शैला मागं जेवतच राहिली होती.

दारात मी पोचलो तेव्हा अण्णा मशीनशेजारी बसले होते. पडद्यावर लाल रंग होता. सातवा मजला बघायला त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती आणि समोरचं स्टूल शैलासाठी रिकामं ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, शैला दिसते का ते बघितलं. तिच्या जागी विल्या आणि तीस माणसं येत होती. त्यांनी शाल पाहिली. त्यांना सगळं कळलं असणार, कारण ते उठले, मागं गेले, आणि विल्याचा पाय उंबऱ्यावर पडायच्या आत पडदा निळा झाला.

त्यांनी स्वतःला वाचवायला तसं केलं असतं तर मला झोप लागली असती. त्यांनी मला वाचवलं.

फोटो निघाला. त्यांनाही शाल मिळाली. विल्यानं भाषणात त्यांना ‘आमच्या बालपणाचे शिल्पकार’ म्हटलं. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून तोंड उघडलं, पण ते आधी बोलले.

“शैला जेवत हुती?”

“हो.”

“मग बरोबर हाय,” अण्णा म्हणाले. “जेवत्या माणसाला उठवू न्हाई.” आणि ते स्क्रू-ड्रायव्हर खिशाला लावून परतीचा टेम्पो बघायला बाहेर गेले.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ते गेले. वर काय आहे ते त्यांना दाखवणारं कुणी भेटलं नसेल. मशीन शाळेत आहे, मागची फळी शाळेनं खिळे मारून बंद केली आहे. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकानं फोन करून विचारलं, मजकुरात काही बदल करायचा आहे का. मी नाही म्हणून सांगितलं.